दाराबाहेरचे आईबाप

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात, बीमन ट्रिप्लेट या वकिलानं आपल्या मुलाबद्दल एक पत्र तयार केलं. टाइप केलेली तेहतीस पानं झाली. मुलाचं नाव डोनाल्ड, वय पाच वर्षं. वर्षाचा असताना तो गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणायचा, दोन वर्षांच्या आत बायबलमधलं एक अख्खं स्तोत्र त्याला पाठ होतं. तो शंभरपर्यंत आकडे म्हणायचा. पण बाप संध्याकाळी घरी आला तरी मान वर करून बघायचा नाही. जे हाती लागेल ते गरागरा फिरवत बसायचा, आणि त्या फिरण्यात कुणी अडथळा आणला तर आकांत करायचा. ठरावीक वेळी आईनं ठरावीक वाक्य म्हटलं नाही तर त्याचा पुढचा घास अडायचा. हे सगळं बापानं तारीखवार, काही न लपवता लिहून काढलं होतं. पत्र बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं.

त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं डोनाल्डला घरापासून लांब, क्षयाची लागण होऊ नये म्हणून मुलांना ठेवत अशा एका आरोग्यधामात ठेवून झालं होतं. तेव्हा त्याला चार वर्षंही पुरी झाली नव्हती. आईबापांनी महिन्यातून दोनदाच भेटायला यावं, असं ठरलं. मूल तिथे खाईना, हसेना, नुसतं बसून राही. वर्षभरानं मेरी आणि बीमन ट्रिप्लेट त्याला घ्यायला आले, तेव्हा तिथल्या प्रमुखानं विरोध केला. मुलगा इथे चांगला रुळतोय, त्याला एकटं सोडा, असा त्याचा सूर होता. त्यांनी ऐकलं नाही. मुलाला घेऊन ते घरी आले.

कॅनरनं डोनाल्डला तपासलं आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्यासारखी आणखी दहा मुलं त्याच्या पाहण्यात आली. १९४३मध्ये या अकरा मुलांवरचा त्याचा लेख प्रसिद्ध झाला. आज ज्याला आपण स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतो, त्याच्या वैद्यकीय इतिहासातलं हे एक मोठं पान. लेखातला पहिला मुलगा डोनाल्डच आणि त्याच्याबद्दलचा बराचसा तपशील बापाच्या पत्रातून उचललेला. एका आजाराची ओळख जगाला पटली ती एका बापानं घरात बसून केलेल्या नोंदींमुळे, हे इथे ठळकपणे सांगायला हवं.

कारण त्याच लेखात त्याच नोंदी त्या बापावर उलटल्या. ही कमतरता जन्मजात असावी, असा निष्कर्ष कॅनरनं काढला होता खरा. पण लेखाच्या शेवटी तो आईबापांकडे वळला. ही माणसं बुद्धिमान आहेत, सुशिक्षित आहेत, पण मनानं उबदार असलेली त्यांत थोडीच, असं त्यानं नोंदवलं. त्यांच्या स्वभावात तपशिलांचा अतिरेकी हव्यास आहे, आणि मुलाबद्दलच्या त्यांच्या सविस्तर डायऱ्या नि टिपणं हा त्याचा पुरावा, असंही लिहिलं. ज्या पानांच्या आधारानं डॉक्टरला निदान करता आलं, तीच पानं लिहिणाऱ्याच्या दोषाचा दाखला ठरली. पुढच्या तीस वर्षांची कहाणी या एका वळणात सामावलेली आहे.

हे एकट्या कॅनरच्या मनातून निघालं नव्हतं. मुलांच्या मनावर उपचार करणारे दवाखाने अमेरिकेत त्यापूर्वीच सुरू झाले होते. १९०९मध्ये विल्यम हीली या डॉक्टरनं शिकागोत बालगुन्हेगारांची तपासणी करणारी संस्था उभी केली. १९२०च्या दशकात कॉमनवेल्थ फंड या धर्मादाय निधीच्या मदतीनं शहराशहरांत बालमार्गदर्शन केंद्रं निघाली. तिथली कामाची वाटणी ठरून गेलेली असे. मूल मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत, चाचण्या मानसशास्त्रज्ञाकडे, आणि आई समाजसेविकेसमोर. मुलाला मदत करायची म्हणजे आईला तपासायचं, हा पायंडा त्या खोल्यांमध्ये पडला. वडील कामावर असत, त्यामुळे प्रश्नांना उत्तरं द्यायला आईच समोर सापडे. घरातलं वातावरण, गरोदरपण, दूध किती महिने पाजलं, मूल हवं होतं का नको होतं, अशा प्रश्नांची सरबत्ती तिच्यावर होई. आईनं जास्त माया केली तर ती मुलाला गुदमरवते, कमी केली तर त्याला झिडकारते. मध्ये उभं राहायला जागाच नव्हती.

आणि गंमत नव्हे, खेदाची बाब अशी की १९४१मध्ये खुद्द कॅनरनं आयांच्या बाजूनं एक पुस्तक लिहिलं होतं. उत्साही मानसशास्त्रज्ञांच्या उपदेशांना घाबरू नका, असं त्यात आयांना सांगितलं होतं. तोच माणूस १९४८मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात वेगळ्याच भाषेत बोलताना दिसतो. ही मुलं जणू बर्फ न वितळणाऱ्या फ्रीजमध्ये नीटनेटकी ठेवलेली आहेत, अशा अर्थाचं त्याचं बोलणं छापून आलं. पुढच्या वर्षीच्या लेखात त्यानं तीच उपमा पुन्हा वापरली. उपमा चटकदार होती आणि ती पसरली. त्याच १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनियाचं मूळ आईच्या वागण्यात शोधणारी संज्ञा रूढ केली. स्वमग्न मुलाची आई थंड, स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाची आई दाबून टाकणारी. दोन आजार होते, पण आरोपीच्या पिंजऱ्यात एकच बाई.

या काळात इंग्लंडमध्ये घडलेली एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञानं १९५१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. लहान वयात आईपासून तोडलेल्या मुलांची मनं कशी खचतात, हा त्याचा विषय. या अहवालाचा वापर अनेकांनी आयांना दोष द्यायला केला. पण त्याच विचारातून एक मोठं भलं काम झालं. तेव्हा इंग्लंडमधल्या रुग्णालयांत मुलांना भेटण्याची वेळ फार तोकडी असे. आठवड्यातून एखादा तास भेटता येई आणि काही ठिकाणी तेवढीही मुभा नसे. भेटून आईबाप निघाले की मुलं रडतात, म्हणून भेटच नको, असा वॉर्डातला हिशेब. बोल्बीचा सहकारी जेम्स रॉबर्टसन यानं १९५२मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीवर साधा, आवाज नसलेला चित्रपट काढला. छोट्याशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेली ही मुलगी रडण्याचा आवेग कसा गिळते, हळूहळू चेहरा कसा कोरा होत जातो, हे त्यात दिसतं. डॉक्टर मंडळी चिडली. पण १९५९मध्ये सरकारनं नेमलेल्या प्लॅट समितीनं शिफारस केलीच की आईबापांना मुलांजवळ कधीही येऊ द्यावं, आणि लहान मुलांच्या आयांना जवळ राहण्याची सोय करावी. टॉन्सिल काढायला आलेल्या मुलासाठी वॉर्डाचं दार उघडलं. मनाचा आजार असलेल्या मुलासाठी ते आणखी घट्ट लावून घेतलं जात होतं.

ते दार लावणाऱ्यांत सगळ्यात प्रसिद्ध नाव ब्रुनो बेटेलहाइम यांचं. व्हिएन्नात वाढलेला हा ज्यू माणूस दाखाउ आणि बुखनवाल्ड या नाझी छळछावण्यांमधून जिवंत बाहेर पडून अमेरिकेत पोचला. त्याची डॉक्टरेट मानसशास्त्रातली नव्हती, सौंदर्यशास्त्राच्या अंगानं केलेली होती. १९४४पासून १९७३पर्यंत शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या ऑर्थोजेनिक स्कूल या निवासी शाळेचा तो प्रमुख होता. छावणीतला कैदी जसा जगाकडे पाठ फिरवतो, तसं स्वमग्न मूल आईच्या नकाराला घाबरून आत मिटून घेतं, हा त्याचा सिद्धांत. मग उपचार काय, तर मुलाला आईबापांपासून वेगळं काढायचं. या वेगळं काढण्याला शस्त्रक्रियेचं वाटावं असं नावही दिलं गेलं होतं. शाळेत मूल एकदा दाखल झालं की आईबापांच्या भेटी फार मोजक्या, आणि मुलांच्या राहत्या खोल्यांकडे तर त्यांनी फिरकायचंही नाही. १९६७मध्ये त्याचं ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ हे पुस्तक आलं आणि खूप वाचलं गेलं. बेटेलहाइम छान लिहायचा, मासिकांत सदरं लिहायचा, टीव्हीवर आत्मविश्वासानं बोलायचा. खेडोपाडीच्या बालरोगतज्ज्ञांपर्यंतही त्याचं म्हणणं पोचलं.

त्या आयांचं काय झालं असेल? त्यांतल्या काहींनी २००२मध्ये आलेल्या ‘रेफ्रिजरेटर मदर्स’ या माहितीपटात आपली हकिगत सांगितली आहे. तोवर त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. डॉक्टरनं सांगितलं म्हणून त्या वर्षानुवर्षं स्वतःच्या मनात खोल जाऊन शोधत राहिल्या: मी नक्की कधी, कुठल्या क्षणी या मुलाला नाकारलं? काही सापडेना, तेव्हा ते नकळत घडलं असणार, असं त्यांना सांगितलं जाई. धाकटी-थोरली मुलं याच हातांनी वाढवली, ती तर धडधाकट आहेत, या युक्तिवादाला कुणी किंमत देत नव्हतं. माहितीपटातली एक आई कृष्णवर्णीय आहे. तिच्या मुलाला स्वमग्नता असूच शकत नाही, असं तिला सांगण्यात आलं होतं, कारण तो आजार गोऱ्या, सुशिक्षित, उच्च मध्यमवर्गीय आईच्या मुलांना होतो! दोषी ठरायलाही ती अपात्र ठरली आणि मुलाचं खरं निदान लांबलं.

रिचर्ड पोलाक या पत्रकाराचा अनुभव तर अंगावर काटा आणतो. त्याचा धाकटा भाऊ ऑर्थोजेनिक स्कूलमध्ये होता आणि १९४८मध्ये सुट्टीवर घरी आलेला असताना धान्याच्या कोठारात, गवताच्या माळ्यावर लपाछपी खेळता खेळता खाली पडून दगावला. वीसेक वर्षांनी पोलाक भावाबद्दल विचारायला बेटेलहाइमकडे गेला. तो अपघात नव्हताच, मुलानं जीव दिला आणि त्याला आई जबाबदार, असं बेटेलहाइमनं त्याला ठणकावून सांगितलं. त्या वेळी भावासोबत खेळत होता तो पोलाक स्वतः. त्यानं पडताना डोळ्यांनी पाहिलं होतं. १९९७मध्ये त्यानं बेटेलहाइमचं चरित्र लिहिलं आणि त्या माणसाच्या दाव्यांचा एकेक चिरा सुटा करून दाखवला. तोपर्यंत बेटेलहाइमला जाऊन सात वर्षं झाली होती.

हा सिद्धांत पाडला तो मात्र त्याच्याही खूप आधी, आणि पाडणारे होते स्वतः आईबाप.

बर्नार्ड रिमलंड अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होता. सॅन डिएगोत राहायचा. काम चाचण्यांचं, आकडेमोडीचं. लहान मुलांच्या आजारांशी त्याचा संबंध नव्हता. १९५६मध्ये त्याला मार्क हा मुलगा झाला. पाळण्यातल्या वयापासून तो तासन्‌तास किंचाळायचा, कुणी उचललं तरी शांत व्हायचा नाही. बालरोगतज्ज्ञाला काही कळेना. रिमलंडची बायको ग्लोरिया हिला आठवलं की अशा मुलाचं वर्णन कॉलेजात कुठेतरी वाचलंय. दोघांनी गॅरेजमधल्या खोक्यांतून जुनी पाठ्यपुस्तकं काढली आणि त्यात ‘ऑटिझम’ हा शब्द सापडला. रिमलंड कामानिमित्त ज्या शहरात जाई, तिथल्या ग्रंथालयात बसू लागला. झेरॉक्सची सोय सर्वत्र नसल्यानं हातानं उतरवून घेई. काही वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की आईच्या थंडपणामुळे हा आजार होतो, याला पुरावा म्हणावा असं काहीही कुठेच नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनी एकमेकांच्या मताचा हवाला दिला होता, एवढंच. १९६४मध्ये त्याचं ‘इन्फंटाइल ऑटिझम’ प्रसिद्ध झालं. याची मुळं मेंदूच्या घडणीत आहेत, आईच्या मांडीवर नाहीत, अशी मांडणी त्यानं मुद्देसूद केली होती. प्रस्तावना होती लिओ कॅनरची. पुस्तकाच्या शेवटी रिमलंडनं एक प्रश्नावली जोडली होती. ती भरून देशभरातून आईबापांनी त्याला पाठवली. पत्रांचा ढीग लागला. ज्या बारीकसारीक नोंदींना एके काळी विकृतीचं लक्षण मानलं होतं, त्याच आता संशोधनाची सामग्री झाल्या.

पुढच्या वर्षी, १९६५च्या नोव्हेंबरात, न्यू जर्सीतल्या टीनेक गावात एका घरी काही पालक जमले. रिमलंड होता, पत्रव्यवहार करणाऱ्या रूथ सुलिव्हनसारख्या आयांचा त्यामागे मोठा हात होता. रूथच्या जो नावाच्या मुलाचं निदान झालं तेव्हा तिला बाकीची मुलंही सांभाळायची होती आणि ती मुळातली नर्स होती. आपण मुलांना वाढवलंय, त्यामुळे आपल्याला ठाऊक असलेलं डॉक्टरांनी ऐकलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. त्या घरगुती बैठकीतून स्वमग्न मुलांसाठीची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९७५मध्ये अमेरिकेत अपंग मुलांना शाळेत घेणं बंधनकारक करणारा कायदा झाला, त्यासाठी वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांत रूथ होती.

इंग्लंडमध्ये हेच काम तीन वर्षं आधी सुरू झालं होतं. लॉर्ना विंग स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि त्यांची मुलगी सूझी स्वमग्न होती. डॉक्टरच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली ही बाई. १९६२मध्ये त्यांनी इतर पालकांसोबत संस्था काढली. सिबिल एल्गर या शिक्षिकेनं लंडनमध्ये आपल्या घराच्या तळघरात अशा मुलांना शिकवायला घेतलं होतं. संस्थेनं पैसे उभे करून १९६५मध्ये ईलिंगला तिच्यासाठी शाळा उघडली.

मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनच्या क्लारा क्लेबोर्न पार्क यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या साहित्याच्या अभ्यासक, नवरा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, चौथं मूल स्वमग्न. त्यांनी मुलीसोबतची आठ वर्षं ‘द सीज’ या पुस्तकात लिहिली. मुलगी पाण्याचा नळ स्वतः हातानं फिरवेल यासाठी किती महिने काय काय केलं, एक खेळ तिच्यात कसा रुजवला, हे त्यात इतकं सूक्ष्म आहे की तज्ज्ञांनीही त्यातून शिकावं. एका नावाजलेल्या संस्थेत मुलीची तपासणी होऊन आईबापांना दिवसेंदिवस प्रश्न विचारण्यात आले, आणि शेवटी त्यांना जवळजवळ काहीच सांगितलं गेलं नाही, हेही त्या शांतपणे लिहितात. पुढे इंग्लंडमध्ये मनोविश्लेषक ॲना फ्रॉइडच्या हॅम्पस्टेड क्लिनिकमध्ये त्यांना माणुसकीनं वागवलं गेलं, याबद्दलची कृतज्ञताही त्यात आहे. म्हणजे मनोविश्लेषणवाले सगळेच दार लावणारे नव्हते. हे पुस्तक प्रसिद्ध झालं ते नेमकं १९६७मध्ये, बेटेलहाइमच्या पुस्तकाच्याच वर्षी. त्याचं पुस्तक गाजलं, पार्कबाईंचं टिकलं. त्यांची मुलगी जेसी पुढे चित्रकार झाली.

१९६९मध्ये अमेरिकन पालकांच्या वॉशिंग्टनमधल्या मेळाव्यात पंचाहत्तरीच्या कॅनरला बोलावलं होतं. आईबापांनी हा आजार निर्माण केला असं मी म्हटल्याचं लोक सांगतात, पण मी सुरुवातीपासून तो जन्मजातच म्हणत आलोय, असं तो म्हणाला आणि समोरच्या आईबापांना त्यानं दोषमुक्त जाहीर केलं. सभागृह उभं राहिलं. माणूस मोठा होता आणि चूक सुधारायची दानतही त्याच्याकडे होती. तरी आपली फ्रीजची उपमा त्यानं त्या दिवशी पुरती आपल्या पदरात घेतली नाही, हे नमूद करायला हवं.

विज्ञानाचा निकाल आठ वर्षांनी लागला. सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी इंग्लंडमधल्या जुळ्यांचा अभ्यास १९७७मध्ये मांडला. एकवीस जोड्या, प्रत्येकीतलं निदान एक मूल स्वमग्न. अकरा जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या, त्यांतल्या चार जोड्यांत दोघंही स्वमग्न निघाले. वेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकाही ठिकाणी दोघं नव्हते. आई तीच, घर तेच, मग हा फरक कुठून आला? आनुवंशिकतेतून. आकडे छोटे होते, पण त्यांनी दिशा कायमची बदलली.

नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर तोवर नुसत्या आरोपमुक्तीच्या पुढे गेला होता. तो शिकागोत शिकला होता, बेटेलहाइमची पद्धत त्यानं जवळून पाहिली होती आणि तिचा त्याला उबग आला होता. १९७१मध्ये त्यानं मनोरुग्ण मुलांच्या आईबापांना कसं बळीचा बकरा केलं जातं यावर लेख लिहिला, आणि सहकारी रॉबर्ट राइशलर याच्याबरोबर पालकांनाच सहउपचारक मानणारी पद्धत मांडली. त्याच्या केंद्रात एकतर्फी आरसा असे. आरशामागे बसून आईबाप तज्ज्ञाचं काम बघत. मग आई मुलाबरोबर काम करी आणि तज्ज्ञ आरशामागे बसून तिचं पाहत. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे आलटून पालटून ठरे. १९७२मध्ये राज्यानं कायदा करून हा कार्यक्रम राज्यभर नेला. त्यासाठी विधिमंडळात पालकांनीच जोर लावला होता.

सगळीकडे असं झालं नाही. फ्रान्समध्ये मनोविश्लेषणाची पकड इतकी घट्ट होती की स्वमग्न मुलांना थंड ओल्या चादरीत गुंडाळण्याचा ‘उपचार’ या शतकातही चालू होता. तिथल्या आरोग्य प्राधिकरणानं २०१२मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली.

आता डोनाल्डकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण त्याचं पुढे काय झालं यात सगळ्यांत शिकण्यासारखं आहे. १९४२मध्ये आईबापांनी त्याला गावापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. अर्नेस्ट आणि जोसेफिन लुइस यांना मूलबाळ नव्हतं, शिक्षण बेताचं. आईबाप भेटायला येत-जात. १९४५मध्ये कॅनर मुद्दाम तिथे गेला. डोनाल्डला मोजण्याचं वेड होतं, म्हणून लुइसनी त्याला विहिरीची खोली मोजायला लावलं. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचा, तर नांगर चालवता चालवता मोज, असं सांगितलं. कॅनरसमोर त्यानं सहा लांबलचक ओळी नांगरल्या, घोडा सफाईनं वळवला. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करत सुटला, तेव्हा त्याला त्यांच्यासाठी स्मशानाची जागा आखून दिली. प्रत्येक थडग्यावर तो पाटी लावी: पहिलं नाव, मधलं नाव त्या जिवाच्या जातीचं, आडनाव लुइस. जन्मतारीख माहीत नाही असं लिही आणि मृत्यूची म्हणून तो जीव सापडल्याची तारीख टाकी. ज्या सवयी दवाखान्यात लक्षणं म्हणून टिपल्या जात, त्यांना या दोघांनी शेतात काम दिलं. १९७१मध्ये कॅनरनं अकराही मुलांचा पुन्हा माग काढला. सरकारी मनोरुग्णालयांत गेलेली मुलं हळूहळू विझत गेली होती, तिथे पाठवणं म्हणजे जन्मठेपच होती, असा त्याचा निष्कर्ष. डोनाल्ड कॉलेजातून पदवीधर होऊन गावच्या बँकेत नोकरी करत होता, गोल्फ खेळत होता.

भारतात ही दारं वेगळ्या क्रमानं उघडली-मिटली. मुंबईत १९३६मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर शाळा सुरू झाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. दुसऱ्याच वर्षी, १९३७मध्ये, तिच्या वतीनं देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र निघालं. घडण अमेरिकन केंद्रांचीच. म्हणजे ट्रिप्लेटनं पत्र पाठवायच्या वर्षभर आधी मुंबईतली आई समाजसेविकेसमोर बसू लागली होती. पण एवढ्या मोठ्या देशात अशी केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे घरोघरच्या आयांना दोष द्यायचं काम इथे मानसशास्त्राला करावंच लागलं नाही. त्यासाठी शेजारपाजार पुरेसा होता. गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल, कुणाची तरी दृष्ट लागली असेल, गेल्या जन्मीचं काहीतरी असेल. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. ऑटिझमचं निदान घेऊन घरी आलेल्या आईला आजही पहिलं ऐकावं लागतं ते हेच, की तूच त्याच्या हातात फोन दिलास. सिद्धांत जुना झाला तरी बोट त्याच दिशेला वळतं, आणि ते फार दुखवणारं आहे.

तरी एका बाबतीत भारत पुढे होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांत राहायला बोलावलं. रुग्ण खूप, कर्मचारी थोडे, ही अडचण होतीच. पण घरचं माणूस जवळ असलं की रुग्ण लवकर सावरतो, आणि आजार म्हणजे काय हे कुटुंबाला समोर दिसतं, हेही त्यांनी ओळखलं. ते नातेवाइकांना जमवून आजाराविषयी समजावून सांगत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं १९५७मध्ये मानसिक आरोग्य केंद्र उघडलं, तेव्हा प्रत्येक रुग्णासोबत घरचं माणूस राहणार हा नियमच केला. पुढे बंगळूरनंही हा मार्ग घेतला. शिकागोत आईबापांना दाराबाहेर ठेवण्याला उपचार म्हटलं जात होतं, त्याच वर्षांत पंजाबात आणि तमिळनाडूत माणसं वळकट्या घेऊन रुग्णालयात मुक्कामाला येत होती. जगाच्या मानसोपचाराच्या इतिहासात या तंबूंना मिळायला हवं तेवढं स्थान अजून मिळालेलं नाही.

पालकांच्या संघटनाही आल्या. दिल्लीत मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईनं १९९१मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केलं. १९९५च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६च्या कायद्यानं त्याला दिव्यांगत्वाच्या यादीत जागा दिली. मराठी माणसांत जगन्नाथ वाणी हे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी घरात गाठ पडलेल्या वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्णांइतकेच त्यांचे शुभंकर, म्हणजे सांभाळणारे, हेही तिथे एकमेकांशी बोलू लागले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४च्या ‘देवराई’मागेही वाणींचा आधार होता. त्यात भावाला सांभाळणारी बहीण आहे, आणि सांभाळणाऱ्याची दमछाक मराठी पडद्यावर क्वचितच इतक्या समजुतीनं दिसली असेल.

शेवटी कायद्यानंही बाजू घेतली. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ८७वं कलम अल्पवयीन मुलांच्या भरतीबद्दल आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून गरज आहे असं म्हटल्याशिवाय मुलाला भरती करता येत नाही. भरती केलं तर बहात्तर तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. प्रौढ रुग्णांपासून वेगळी व्यवस्था लागते. आणि मूल जितके दिवस आत असेल तितके सगळे दिवस त्याचा प्रतिनिधी, म्हणजे बहुतेक वेळा आई किंवा वडील, नाहीतर त्यांनी नेमलेला माणूस, त्याच्याजवळ राहिलाच पाहिजे. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबतीला बाईमाणूस हवंच. बेटेलहाइमच्या शाळेत जे निषिद्ध होतं, ते इथे सक्तीचं झालं.

आईबाप जवळ हवेत, हे एकदा कायद्यानं मान्य केल्यावर त्यांच्या राहण्याचा खर्च कुणाचा, हा प्रश्न उरतोच. कलमात त्याबद्दल अक्षर नाही. हातावर पोट असलेली आई पंधरा दिवस वॉर्डात राहिली तर तिची पंधरा दिवसांची मजुरी बुडते आणि घरी राहिलेल्या धाकट्याला शेजारणीच्या भरवशावर टाकावं लागतं. नोकरदार बापाला आजारी मुलासाठी स्वतंत्र रजा मिळत नाही, तो स्वतःच्या रजा मोडतो आणि साहेबाला कारण खरं सांगत नाही. पालकांनी सोबत राहावं असं सरकारला खरोखर वाटत असेल, तर मुलांच्या मानसोपचार वॉर्डात त्यांच्यासाठी खाट, दोन वेळचं जेवण, बुडालेल्या मजुरीची काही भरपाई आणि नोकरदारांना हक्काची रजा, एवढं तरी त्या कलमाला जोडून द्यायला हवं.